अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी

रविवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन दत्ताराम सातार्डेकरांनी कॉम्प्युटरवरचं ते बटण दाबलं, आणि त्यांच्या घरातली वेळ अर्ध्या तासाने मागे गेली.

बटण तसं साधंच होतं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात घड्याळ असतं, त्यावर दोनदा क्लिक केलं की एक खिडकी उघडते आणि तिच्यात 'अपडेट नाऊ' असं लिहिलेलं असतं. ते दाबलं की आपला कॉम्प्युटर इंटरनेटवरून परदेशातल्या कुठल्याशा मोठ्या कॉम्प्युटरला वेळ विचारतो आणि स्वतःचं घड्याळ बरोबर लावून घेतो, असं दत्तारामांनी पेपरच्या पुरवणीत वाचलं होतं. सोसायटीची बिलं काढायला घेतलेला हा कॉम्प्युटर महिन्याला पाच-सात मिनिटं मागे पडायचा आणि दत्ताराम त्याला हाताने पुढे ढकलायचे. गेल्या आठवड्यात केबलवाल्याने इंटरनेटची वायर खिडकीतून आत घेतली, तेव्हा त्यांना सगळ्यात आधी आठवलं ते हे बटण.

आता पडद्यावर सात वाजले होते. दत्तारामांनी मनगटाकडे पाहिलं. तिथे साडेसात होऊन गेले होते. त्यांनी बटण पुन्हा दाबलं. पडदा सातावरच ठाम होता. सातापुढे एएम की पीएम अशी काहीतरी बारीक अक्षरं होती, पण तिकडे त्यांनी पाहिलं नाही. सकाळ आहे की संध्याकाळ हे कळायला माणसाला कॉम्प्युटर लागत नाही, असं त्यांचं मत होतं.

त्या दिवशी खरी वेळ कळणं त्यांच्या दृष्टीने फार गरजेचं होतं. भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकमधल्या त्यांच्या 'गोमती छाया' सोसायटीची वार्षिक सभा दहा वाजता होती, आणि त्या सभेत त्यांना सेक्रेटरीपदातून सुटायचं होतं.

हे पद त्यांनी मागून घेतलेलं नव्हतं. गोमती छायात सेक्रेटरी निवडायची एक पद्धत होती. सभेला जो नसेल त्याला करायचं. नऊ वर्षांपूर्वीच्या अशाच एका रविवारी दत्ताराम मासळी आणायला गेले होते. मांदेलीची पिशवी घेऊन परत आले, तर जिन्यात लोक त्यांचं अभिनंदन करायला उभे. तेव्हापासून कोणाच्या बाथरूममधून कोणाच्या हॉलमध्ये पाणी गळतं, कोणाची स्कूटर कोणाच्या जागेत उभी राहते आणि टँकर अजून का आला नाही, या तिन्ही प्रश्नांसाठी त्यांच्या दाराची बेल वाजत आली होती. बेल वाजायची ती बहुतेक ते पहिला घास घेत असतानाच.

नंतर दत्ताराम एकाही सभेला उशिरा गेले नाहीत. पण त्याचा उपयोग नव्हता, कारण बाकीचे सगळेच उशिरा यायचे. नियम असा की ठरल्या वेळी पुरेशी माणसं जमली नाहीत, तर सभा तहकूब करायची आणि अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी, असतील तेवढ्या माणसांत उरकायची. दर नोटिशीत तळाला हे वाक्य असायचं, आणि सभासद नोटीस तळापासूनच वाचायचे. दहाला दत्ताराम आणि वॉचमन बबन दोघेच खाली खुर्च्यांमध्ये बसून असायचे. साडेदहाला सगळी बिल्डिंग एकदम उतरायची. मग गैरहजर कोणी उरायचंच नाही, आणि "तुमचं चांगलं चाललंय ना" असं म्हणून पद पुन्हा त्यांच्याच गळ्यात पडायचं.

यंदा मात्र दत्तारामांनी नोटिशीतलं ते वाक्य काढून टाकलं. त्याच्या जागी त्यांनी लिहिलं, 'सभा ठीक दहा वाजता सुरू होईल. उशिरा येणाऱ्यांची वाट पाहिली जाणार नाही. मानद पदांसाठी गैरहजर सभासदांचा प्रथम विचार केला जाईल.' धनेशभाई उशिरा येणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. स्टेशनजवळ भांड्यांचं दुकान असलेले हे धनेशभाई स्वतःच्या साखरपुड्यालाही उशिरा पोचले होते, असं त्यांच्या घरचेच सांगायचे.

पद सुटल्यावर काय करायचं हेही ठरलेलं होतं. दत्ताराम वर्षापूर्वी निवृत्त झाले होते. "एकदा हे लोढणं उतरू दे," ते महिनाभर बायकोला सांगत होते, "मग मी घरात लक्ष घालणार." घरात पुष्कळ गोष्टी चुकीच्या चालल्यात हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. मसाल्याच्या डब्यांना नावं नव्हती. फ्रिजमध्ये कोथिंबीर कुठेही असायची. मनोरमाबाई हे सगळं ऐकून घ्यायच्या आणि पोळी उलटायच्या. त्या काही बोलत नाहीत याचा अर्थ त्यांना पटलंय, असं दत्ताराम बत्तीस वर्षं धरून चालले होते.

तर आता आधी वेळेचा निकाल लावायला हवा होता.

सातार्डेकरांच्या घरात एकही घड्याळ बरोबर नव्हतं, आणि ही चूक मुद्दाम केलेली होती. हॉलमधलं दहा मिनिटं पुढे, स्वयंपाकघरातलं पंधरा, उशाजवळचं गजराचं वीस. दत्तारामांच्या मनगटावरचं पाचच मिनिटं पुढे असायचं, कारण ते स्वतःला शिस्तीचे समजायचे. भाईंदरला राहून मुंबईत नोकरी केलेल्या घरात हे असंच असतं. घड्याळ पुढे लावायचं, ते पुढे आहे हे लक्षात ठेवायचं, आणि बघितल्याबरोबर मनात वजाबाकी करायची.

पण मनातली सगळी वजाबाकी केली तरी ही घड्याळं कॉम्प्युटरच्या अर्धा तास पुढेच राहत होती. दत्ताराम खुर्चीत मागे टेकले आणि हळूहळू त्यांना सगळा घोटाळा कळला, म्हणजे कळला असं वाटलं. हॉलचं घड्याळ स्वयंपाकघराच्या घड्याळावरून लावलं गेलं असणार. मनगटावरचं हॉलच्या घड्याळावरून. प्रत्येकाने आपापली मिनिटं वर टाकली असणार, आणि वजा करताना प्रत्येक जण फक्त स्वतःचीच करत आला. वर्षानुवर्षं हे साठत गेलं, आणि सबंध कुटुंब जगाच्या अर्धा तास पुढे राहायला लागलं.

एकदा हे धरलं की आयुष्यातल्या किती गोष्टी उलगडल्या. म्हणजे म्हणूनच ऑफिसात आपण पोचायचो तेव्हा शिपाई कुलूप उघडत असायचा. म्हणूनच कोणाच्याही लग्नाला गेलं की मांडववाला अजून खुर्च्या पुसत असायचा. आणि साडेदहाला उतरणारे गोमती छायाचे सभासद, ज्यांना आपण इतकी वर्षं बेशिस्त म्हणत आलो, ते बिचारे इंटरनेटच्या हिशेबाने बरोबर दहालाच येत होते. दत्तारामांना त्यांच्याबद्दल थोडा वेळ खरोखर वाईट वाटलं.

मग त्यांनी स्टूल घेतलं. हॉलचं घड्याळ उतरवून कॉम्प्युटरसमोर आणलं आणि सेकंदाला सेकंद जुळवून लावलं. गजराचं लावलं, मनगटावरचं लावलं, मोबाइलवरचं लावलं. कपाटात लेकीचं शाळेतलं एक घड्याळ सापडलं, त्याला सेल घालून तेही लावलं. शेवटी ते स्टूल घेऊन स्वयंपाकघरात शिरले.

"त्याला हात लावायचा नाही," मनोरमाबाई म्हणाल्या.

दत्तारामांनी त्यांना समजावलं की हे घड्याळ चूक आहे, नुसतं पंधरा मिनिटांनी नाही तर पाऊण तासाने चूक आहे, आणि जगात आता वेळ भिंतीवर नसते, इंटरनेटवर असते.

"असू दे. नळाला पाणी या घड्याळावर येतं."

यावर इंटरनेटकडे उत्तर नव्हतं. तेवढं एक घड्याळ राहिलं. जाता जाता दत्तारामांनी मसाल्याच्या डब्यांवर नजर टाकली आणि उद्यापासून याच्याकडे बघतो म्हणाले. मनोरमाबाईंनी गॅस बारीक केला.

पुढचे दोन तास दत्तारामांचे मजेत गेले. समोरच्या देवळात आरती सुरू झाली, तेव्हा हॉलच्या घड्याळात अजून अर्धा तास होता. पुजाऱ्यालाही एकदा सांगायला हवं, अशी त्यांनी मनात नोंद केली. टीव्हीवर बातम्याही वेळेआधीच लागल्या. हल्ली चॅनेलवाल्यांची आपसात फार स्पर्धा आहे, असं म्हणून त्यांनी टीव्ही बंद केला आणि निरोपाच्या भाषणाची तयारी सुरू केली. भाषणात नऊ वर्षांतली सेवा, मांदेलीची पिशवी आणि 'आता तरुणांनी पुढे यावं' असं सगळं होतं. धनेशभाई साठीचे होते, पण तो मुद्दा त्यांनी सोडून दिला.

सव्वानऊला मनोरमाबाई साडी बदलून बाहेर आल्या. सव्वानऊ अर्थातच हॉलच्या घड्याळात. घराचं कर्ज त्या नोकरीला होत्या त्या बँकेतून निघालं होतं, त्यामुळे सोसायटीच्या दप्तरी पहिलं नाव त्यांचं होतं, आणि दरवर्षी त्या सभेला येऊन मागच्या रांगेत वाटाणे सोलत बसायच्या.

"मी खाली जातेय. तुम्ही येताय ना?"

दत्ताराम म्हणाले की अजून पाऊण तास आहे, इतक्या लवकर जाऊन खुर्च्या तापवायच्या का. मनोरमाबाईंनी स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. काहीतरी सांगावं की न सांगावं असा थोडा विचार त्यांनी केला असावा. मग स्टूल अजून स्वयंपाकघराच्या दारातच पडलं होतं, तिकडे त्यांची नजर गेली.

"मग तुमच्या वेळेने या," असं म्हणून त्या गेल्या.

दत्ताराम दहाला पाच कमी असताना खाली उतरले. सभा बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये व्हायची. तिथे एक टेबल, चाळीसेक प्लास्टिकच्या खुर्च्या आणि बबन एवढेच होते. बबन खुर्च्या एकात एक घालून ठेवत होता.

"साहेब, मिटिंग..." बबनने सुरुवात केली.

"मीटिंगला खुर्च्या मांडायच्या असतात बबन, उचलायच्या नसतात," दत्ताराम म्हणाले. "मांड परत."

बबनने पुन्हा तोंड उघडलं. दत्तारामांनी बोट वर केलं. नऊ वर्षांत बबन एक गोष्ट शिकला होता, की सेक्रेटरीने बोट वर केल्यावर जे व्हायचं असेल ते होऊ द्यावं. त्याने सगळ्या खुर्च्या परत मांडल्या. टेबलाखालच्या खोक्यात चहाचे उष्टे कप होते. काल पार्किंगमध्ये कोणाच्या तरी पोराचा वाढदिवस झाला असणार आणि कोणी साफसफाई केली नाही, असं दत्तारामांनी ठरवलं. मनोरमा कुठे दिसत नव्हती, ती कोणाकडे तरी गप्पा मारत बसली असेल हेही ठरवलं.

ठीक दहा वाजता ते उभे राहिले. समोर एकही सभासद नव्हता. दत्तारामांना इतका आनंद अलीकडे कशाचाही झाला नव्हता. सबंध बिल्डिंग गैरहजर होती, कोणालाही निवडता आलं असतं. पण ते नियमाने वागणारे गृहस्थ होते. त्यांनी रिकाम्या खुर्च्यांना मोठ्याने सांगितलं की कोरम नसल्यामुळे ही सभा तहकूब करण्यात येत असून ती अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी घेण्यात येईल. मग ते अर्धा तास तिथेच बसले. बबन लांबून बघत होता. एकदा पाणी घेऊन आला, तेव्हा त्याने तिसऱ्यांदा काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. दत्तारामांनी नुसतं मनगटावर बोट ठेवलं.

साडेदहा झाले. आता नियमाप्रमाणे कोरमची गरज नव्हती, असतील तेवढी माणसं पुरत होती, आणि एक माणूस होता. दत्तारामांनी सेक्रेटरीपदासाठी धनेशभाईंचं नाव सुचवलं. अनुमोदन त्यांनीच दिलं, तेही जागा बदलून शेजारच्या खुर्चीतून, म्हणजे कोणी बोट ठेवायला नको. विरोध कोणाचा आहे का, असं विचारलं. कोणाचा नव्हता. मग त्यांनी निरोपाचं भाषण केलं, मांदेलीच्या पिशवीसकट सगळं. नाही म्हटलं तरी नऊ वर्षं होती.

भाषण संपतंय तोच लिफ्टकडून चेअरमन लीलाधरभाऊ आले. जुन्या भाईंदरच्या मासेमारी करणाऱ्या घरातला हा थोराड माणूस कधी घाई करायचा नाही. त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

"तुमाला वर हुडकत होतो," ते म्हणाले. "घ्या, पेढा खावा. अभिनंदन."

दत्तारामांनी पेढा घेतला. सुटल्याबद्दल अभिनंदन, असं समजून ते आभार मानायला लागले आणि मग थांबले.

"कशाबद्दल?"

"सेक्रेटरी झालांव ना परत. येकमतानं. दहाच्या ठोक्याला सगली हजर व्हती, पयल्यांदा कोरम भरला. तुमीच येकटं न्हाय आलं."

दत्ताराम खाली बसले. नोटिशीने काम केलं होतं. गैरहजराचा प्रथम विचार होणार म्हटल्यावर आजारी माणसंसुद्धा वेळेवर उतरली होती, आणि वीस मिनिटांत सभा, चहा आणि निवडणूक उरकून सगळे आपापल्या घरी गेले होते. मला बोलावलं का नाही, असं दत्तारामांनी विचारलं. लीलाधरभाऊंनी भिंतीवरच्या नोटिशीकडे हात केला. उशिरा येणाऱ्यांची वाट पाहिली जाणार नाही, हे दत्तारामांच्याच सहीने तिथे लिहिलेलं होतं.

पण दत्ताराम हार मानणारे नव्हते. त्यांनी जाहीर केलं की ती सभाच बेकायदेशीर आहे, कारण ती वेळेआधी अर्धा तास घेतली गेली. खरी सभा त्यांनी घेतली, तहकूब केली, पुन्हा घेतली, आणि तीत धनेशभाई रीतसर निवडून आलेले आहेत.

ही बातमी बबनने इंटरकॉमवरून धनेशभाईंना दिली असावी. ते बनियनवरच खाली आले.

"साहेब, मी तो पावणेदहाला येऊन बसला होता," ते म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "आयुष्यात पहिल्यांदा टाइमवर आला, आणि तुम्ही मलाच पकडला?"

तिघांच्या मनगटांवरची घड्याळं तपासली गेली. दोन एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. मग बबनचं पाहिलं, तेही तिकडेच गेलं. दत्ताराम म्हणाले की वेळ मतदानाने ठरत नाही, जगाची वेळ ज्याच्याकडे आहे तो माझ्या हॉलमध्ये बसलाय, वर चला. गोमती छायाचा सेक्रेटरी कोण, हा प्रश्न कॉम्प्युटरपुढे न्यायचं ठरलं.

दार मनोरमाबाईंनी उघडलं. त्या बाजारातून आल्या होत्या, हातात माठाची जुडी होती. त्यांनी काही विचारायच्या आत दत्तारामांनी सगळ्यांना पडद्यासमोर उभं केलं आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. घड्याळात दहा पन्नास झाले होते.

धनेशभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत यायला लागला.

"साहेब, हा तर माझ्या भावाचा टाइम आहे."

त्यांचा भाऊ अमेरिकेत होता, कॅलिफोर्नियात. दर रविवारी धनेशभाई त्याला फोन करायचे. त्याच्याकडे किती वाजले हे काढायची सोपी रीत त्यांना पाठ होती. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आपल्या घड्याळातून अर्धा तास काढायचा, आणि दिवसाची रात्र करायची.

"बघा, पीएम लिहिलंय. रात्रीचे दहा पन्नास. आणि तारीख कालची. तिकडे अजून शनिवार चालू आहे." त्यांनी कॉम्प्युटरवर मायेने हात ठेवला. "टाइम बरोबर आहे हो ह्याचा, एक सेकंद पण चूक नाही. फक्त ह्याला कोणी बोललाच नाही, का तो भाईंदरला आहे म्हणून."

कोणी सांगितलं नव्हतं हे खरं होतं. ज्याने कॉम्प्युटर जोडून दिला त्याने वेळ लावली होती, पण देश लावायचा राहून गेला होता. हाताने ढकलून चालत होतं तोवर कोणाला कळलं नाही. आज बटण दाबल्यावर बिचाऱ्याने त्याला माहीत असलेल्या गावची खरी वेळ सांगितली.

"म्हणजे तुमी धनेशभाईला निवडलांव शनवारी रातीला, अमेरिकेत," लीलाधरभाऊ शांतपणे म्हणाले. "मंग तिकडं ह्यो सेक्रेटरी. हिकडं तुमी."

धनेशभाईंना हे ताबडतोब मान्य होतं. त्यांनी दोन पेढे घेतले आणि ते निघाले. दत्ताराम सोफ्यावर बसून राहिले. दुपारचा निवांत घास, बंद पडलेली बेल, सगळं हातचं गेलं होतं. उगाच विचारायचं म्हणून त्यांनी लीलाधरभाऊंना विचारलं की माझं नाव सुचवलं तरी कोणी.

लीलाधरभाऊंना एकदम काहीतरी काम आठवलं. ते चपला घालताना स्वयंपाकघराकडे एकदा बघून गेले.

दत्ताराम स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. मनोरमाबाई खाली बसून माठ निवडत होत्या.

"तू?"

"हो."

"अगं, पण तुला सगळं माहीत होतं. मी महिनाभर सांगतोय तुला."

"म्हणूनच." त्यांनी एक काडी मोडली. "घरात लक्ष घालणार, लक्ष घालणार. आज सकाळी दोन तास घातलंत, तर पाच घड्याळं अमेरिकेला गेली. उद्या मसाल्याचे डबे गेले असते. मला इथे राहायचंय हो."

दत्तारामांना राग आला होता, पण त्यापेक्षा वाईट जास्त वाटलं होतं, आणि ते चेहऱ्यावर दिसत असावं. मनोरमाबाईंनी वर पाहिलं. त्यांचा आवाज जरा उतरला.

"आणि खरं सांगू? रिटायर झाल्यापासून तुम्ही दिवसभर त्या खुर्चीत पाठ वाकवून बसता. बेल वाजली आणि कोणी 'सेक्रेटरीसाहेब' म्हणालं, की तेवढे ताठ उभे राहता. मला बघवत नाही ते बसलेलं. नाव सुचवताना मी दोनदा विचार केला, पण सुचवलं."

तेवढ्यात बेल वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरचे महिपतराव होते. त्यांच्या हॉलच्या छतातून पुन्हा पाणी गळायला लागलं होतं, आणि सेक्रेटरीसाहेबांनी एकदा डोळ्याने बघून जावं अशी त्यांची विनंती होती.

दत्तारामांनी शर्ट खाली ओढून सारखा केला. ओलीचा डाग मागच्या वेळेइतकाच आहे की वाढलाय, वरच्यांना कळवलंय का, असं सगळं त्यांनी विचारून घेतलं.

"अर्ध्या तासाने येतो," ते म्हणाले. "जेवून."

"कुठल्या घड्याळाने येणार, तेही सांगा त्यांना," आतून आवाज आला.

दत्तारामांनी हॉलच्या घड्याळाकडे बघितलं नाही, मनगटाकडेही नाही. त्यांनी मान लांब करून स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाहिलं, मनातल्या मनात पंधरा मिनिटं वजा केली आणि महिपतरावांना वेळ सांगितली.